‘त्यांचा’ म्हणजे कोणाचा?

करी रोड
१४ जानेवारी २०२५

आदरणीय वन्सं सुंदराबाई यांना मार्थाचा प्रभूमध्ये सलाम.

तुमचं कार्ड मिळालं. गिरगावाहून करी रोडला यायला त्याने जेवढे दिवस घेतले तेवढ्यात माणूस चालत नगरला पोचला असता. पण तुम्हाला फोनवर सगळे विहिरीतून बोलल्यासारखे ऐकू येतात, तेव्हा पोस्टाशिवाय इलाज नाही. आणि खरं सांगू का, तुमचं बोलणं मला कागदावरच बरं वाटतं. तोंडी ऐकलं की रागावल्यासारखं वाटतं.

या पंधरवड्याच्या कुटुंबप्रार्थनेसाठी तुम्ही शुभवर्तमानातला पक्षघाती दिलात. घरात एवढी गर्दी की दारातून वाट नाही, म्हणून चौघे जण आजाऱ्याला बाजेसकट छपरावर चढवतात, छप्पर उघडतात आणि त्याला प्रभूपुढे खाली सोडतात, तो पाठ. आमच्याच घराला हा पाठ देण्यामागचा तुमचा हेतू मला कळला. ह्यांनाही कळला.

कुटुंब म्हणजे सध्या आम्ही दोघेच. आमची मनाली रविवारी पुण्याहून फोनवर आमेन म्हणते. मी पाठ वाचला, गीत एकटीनेच म्हटलं आणि रिवाजाप्रमाणे ह्यांना विचारलं, काय बोध झाला? म्हणाले, “त्या घरावर छप्पर होतं. आपल्यावर चौथा मजला आहे.” तुम्हाला बोध कळवायचा असतो म्हणून कळवते.

तब्येत आहे तशीच. दिवाळीआधी झटका आला तेव्हापासून उजवी बाजू ह्यांचं ऐकत नाही. बोलणं जड आहे, पण टोमणा स्पष्ट येतो. घरी व्यायाम घ्यायला येणारी मुलगी म्हणाली, घरात होण्यासारखं झालं, आता परळच्या रुग्णालयात नेऊन बार धरून उभं करायचं. मंगळवारी आणि शुक्रवारी. उन्हाळ्याच्या आत सुरू केलं तर पाय परत येईल, नाहीतर आहे तसाच आखडून राहील. आमचा तिसरा मजला, लिफ्ट नाही. समोरच्या टॉवरमध्ये कुत्र्यांसाठी वेगळी लिफ्ट आहे म्हणतात. ह्यांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली न्यावं लागेल, आणि हे तयार नाहीत. ह्यांचं म्हणणं, चौघांनी उचलून खाली न्यायचं ते माणसाला एकदाच. मी म्हटलं, इस्पितळातून आणलं तेव्हा चौघांनीच उचललं होतं की. तर म्हणाले, वर आणलेला मोजत नाहीत.

माझ्या मते सगळा प्रश्न विश्वासाचा आहे. पाठात स्पष्टच आहे, आधी विश्वास पाहिला आणि मग बरं केलं. म्हणून मी ह्यांचा विश्वास वाढवायच्या मागे आहे. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना घेते. शुक्रवारी उपासही करते, पण ते तुम्हाला लिहिणार नव्हते.

तुमची
मार्था

*

गिरगाव
२५ जानेवारी २०२५

प्रिय मार्था हिला सलाम आणि आशीर्वाद.

‘वर चौथा मजला आहे’ हा बोध नव्हे, ही सबब आहे. मी वहीत उतरवलेला नाही. शब्बाथशाळेत मी जन्मभर मुलांकडून बोध काढून घेतले, मला फरक कळतो.

शशी लहानपणीही असाच होता. दवाखान्यात न्यायचं म्हटलं की दाराची चौकट धरून बसायचा. आई एकेक बोट सोडवायची, तोवर दुसऱ्या हाताने परत धरायचा. आता एकच हात धड आहे, तेव्हा काम अर्ध्यावर आलंय असं समज.

चौघांचं भय त्याने कुठून आणलं? आपल्या मंडळीत मयताची पेटी सहा जण उचलतात. स्वतःच्या धर्मातलं भय सोडून शेजाऱ्यांचं कशाला उसनं घ्यायचं? त्याला माझ्या नावाने विचार.

तुला दुसरा उपाय सांगते. चर्चमध्ये पाळकसाहेबांना निरोप पाठव आणि मंडळीतले चार तरणेताठे मुलगे मागव. पाठातले चौघे परके नव्हते, ओळखीचेच असणार. परक्या माणसासाठी कोणी दुसऱ्याचं छप्पर फोडत नाही. त्यावरून आठवलं, शब्बाथशाळेत दर वर्षी एकतरी कार्टं विचारायचंच, की बाई, मग ते छप्पर नंतर कोणी नीट करून दिलं? मी सांगायचे, पुढच्या रविवारी सांगते. अजून सांगितलेलं नाही.

उपास बंद कर. तुला साखर आहे. तू पडलीस तर आठ माणसं लागतील.

मी स्वतः आले असते. पण माझे गुडघे आता तळमजल्यापुरतेच उरलेत. पाठ बदलत नाही, हाच परत वाचा.

सुंदराबाई

*

करी रोड
८ फेब्रुवारी २०२५

आदरणीय वन्सं यांना सलाम.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. पाळकसाहेबांनी चार मुलगे पाठवले. चांगले होते, गिटारही आणली होती. आधी प्रार्थना करू म्हणाले. चौघांनी मिळून ती इतक्या जोरात केली की खालच्या मजल्यावरून गुणाजी वर येऊन विचारून गेले, सगळं ठीक ना? मग त्यांतल्या एकाने ह्यांच्या कपाळाला तेल लावलं आणि म्हणाला, “अंकल, तुमचा विश्वास कमी पडतोय. तुम्ही ठरवलंत तर आज स्वतःच्या पायाने खाली याल.”

ह्यांनी डाव्या हाताने चादर तोंडावर ओढून घेतली. मुलं गेली तरी काढली नाही. चहा तसाच गार झाला.

दुसऱ्या दिवशी शेजारचा राजरत्न आला. तो बँकेत असतो, त्याचा भाऊ हर्षवर्धन व्यायामशाळेत शिकवतो. बौद्ध कुटुंब आहे, माणसं सरळ. म्हणाला, काकी, आम्ही नेतो काकांना, त्यात काय एवढं. पण ह्यांनी मानेनेच नाही म्हटलं. शिवाय दुसऱ्या मजल्याच्या वळणावर गुणाजींचं कपाट आहे. ते त्यांनी जिन्यातच ठोकून बसवलंय आणि त्यावरून सगळ्या इमारतीशी त्यांचं वाकडं आहे. नोटिसा झाल्या, मीटिंगा झाल्या, कपाट जागचं हललं नाही. त्याच्यापुढून खुर्ची वळणार नाही. राजरत्न त्यांना विचारून आला. ते म्हणाले, माणसासाठी जागा आहे, खुर्चीसाठी नाही.

पण वन्सं, खुर्ची आणि कपाट हे नंतरचं. मूळ अडचण ह्यांचीच आहे. काल संध्याकाळी मी पाठ परत वाचला. ‘त्यांचा विश्वास पाहून’ हे शब्द आले तेव्हा मी थांबले. मला ही जागा फार आवडते. एवढा गरीब, आजारी, पडलेला माणूस, पण शास्त्र त्याला अरेतुरे करत नाही. त्याचा नाही, त्यांचा म्हणतं. मान देतं. मी ह्यांना म्हटलं, बघा, त्यांचा विश्वास पाहिला आणि त्यांना बरं केलं. तुम्हीही नुसता विश्वास ठेवा.

तेव्हा हे म्हणाले, “माझ्याने होत नाही गं. मी रोज डोळे मिटून प्रयत्न करतो. नाही होत.”

मग रडले. लग्नाला एवढी वर्षं झाली, मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. मी मोरीत जाऊन नळ सोडून उभी राहिले. आता मी काय करू ते कळवा. ह्यांच्याकडे नसलेला विश्वास मी आणू कुठून?

तुमची
मार्था

ता. क. उपास बंद केला आहे. बहुतेक.

*

गिरगाव
१७ फेब्रुवारी २०२५

मार्था,

सलाम नंतर. आधी व्याकरण.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि मग चष्मा पुसून परत वाचलं. बाई गं, ‘त्यांचा’ म्हणजे त्या चौघांचा. ज्यांनी उचलून आणला त्यांचा. तो अनुस्वार बहुवचनाचा आहे, मानाचा नाही. त्याच ओळीत पुढे प्रभू त्या पडलेल्या माणसाला ‘मुला’ म्हणतो. मान द्यायचा असता तर ‘अहो’ म्हणाला असता.

तू लग्न होऊन आलीस त्या दिवसापासून नवऱ्याला ‘ते’ म्हणतेस, म्हणून तुला शास्त्रातसुद्धा ‘ते’ दिसले की नवराच दिसतो. मी शशीला जन्मभर ‘तो’ म्हटलं, म्हणून माझ्या डोळ्यांपुढे ते चौघेच आले, आणि तुला दुसरं काही दिसत असेल हे माझ्या मनातही आलं नाही. नाहीतर पहिल्याच पत्रात सांगितलं असतं.

आता नीट वाच. त्या आजाऱ्याला विश्वास आहे की नाही हे सबंध गोष्टीत कोणी विचारलेलं नाही. तो स्वतः एक शब्द बोलत नाही. मला न्या असं तो म्हणाला नाही, मला नेऊ नका असंही नाही. कदाचित म्हणाला असेलही. तो शशीसारखा असेल तर नक्कीच म्हणाला असेल. ते चौघे त्याला घेऊन आले, त्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी परक्याच्या घराचं छप्पर उघडलं, आणि प्रभूने वर बघितलं ते त्या चार तोंडांकडे. विश्वास त्यांचा. ह्याने फक्त पडून राहायचं.

हे सगळं शशीला वाचून दाखव. आणि त्या तेलवाल्या मुलाला माझ्याकडे पाठव.

चौघांची भीती अजून जात नसेल तर पाच जण घ्या. शास्त्रात पाचव्याला बंदी नाही. तीन नकोत, तीन तिगाडा काम बिघाडा. पाचामुखी परमेश्वर असं तुझे शेजारीच म्हणतात, आणि भय त्यांचं घेतलंय तर उताराही त्यांचाच घ्यावा.

एक गोष्ट लिहायची नव्हती, पण लिहिते. दिवाळीपासून मी माझ्या भावाला पाहिलेलं नाही. तो उतरू शकत नाही, मी चढू शकत नाही, आणि मध्ये पोस्ट खातं आहे. मी त्याला कडेवर घेऊन ठाकूरद्वारपर्यंत जायची आणि तो खाली उतरायला तयार नसायचा. मला त्याला बघायचं आहे. त्याचा पाय येवो न येवो.

आता सलाम.

सुंदराबाई

*

गिरगाव
८ मार्च २०२५

प्रिय मार्था हिला सलाम.

तुझं उत्तर आलं नाही तेव्हा मला वाटलं, मी जास्त बोलले. वन्सं म्हणून जन्म काढला, शेवटी जीभ वळणावर जाते. माफीचं कार्ड लिहायला घेतलंही होतं. ते आता फाडलं आहे, कारण काल दुपारी माझ्या दारात टॅक्सी थांबली.

मी काय पाहिलं ते लिहिते, कारण ऐकलं मी काहीच नाही. टॅक्सीच्या पुढच्या सीटवर शशी, अंगावर इस्त्रीचा शर्ट. मागे तू, एक जाडे गृहस्थ ज्यांच्या खिशातून पेचकस बाहेर डोकावत होता, आणि एक मुलगी. त्यांच्यामागे मोटारसायकलवर दोन मुलगे. सगळे एकदम बोलत होते. मी हसून मान हलवत होते, मला कळतंय असं वाटावं म्हणून.

त्याला काही उतरवता आलं नाही, तर मीच पायरी उतरून टॅक्सीपर्यंत गेले. त्याने काचेतून डावा हात बाहेर काढून माझं मनगट धरलं. तो काहीतरी बोलला, त्याची जीभ जड. मी काहीतरी बोलले, ते त्याला कळलं असेल तर असेल. म्हणजे आमचं बोलणं नेहमीसारखंच झालं. पण हात त्याने सोडला नाही. टॅक्सीवाल्याने तीनदा आमच्याकडे बघितलं आणि इंजिन बंद केलं. लहानपणी चौकट धरायचा तशीच पकड आहे, मार्था. या हाताला काहीही झालेलं नाही.

तुम्ही गेलात आणि मी दारातच बसून राहिले. मी रडले, ते शेजारणीने पाहिलं, म्हणून लपवण्यात अर्थ नाही.

आता मला नीट क्रमवार लिही. तो तयार कसा झाला? खाली कोणी आणला? ते पेचकसवाले कोण? आणि मुख्य म्हणजे, परत वर कसा गेला? टॅक्सी वळली तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला दिसला. त्याच काळजीत आहे.

सुंदराबाई

*

करी रोड
१६ मार्च २०२५

आदरणीय वन्सं यांना सलाम.

क्रमवार लिहिते.

तुमचं व्याकरणाचं पत्र आलं त्या दिवशी मी ते आधी एकटीने वाचलं. मला फार वाईट वाटलं. एका टिंबापायी मी एवढे दिवस ह्यांच्या उशाशी बसून ह्यांच्याकडे नसलेलं मागत होते. मग संध्याकाळी प्रार्थनेच्या वेळी पाठाच्या जागी तुमचं पत्रच वाचलं, ‘मला त्याला बघायचं आहे’ इथपर्यंत. हे भिंतीकडे बघत होते. म्हणाले, परत वाच. परत वाचलं.

“म्हणजे त्याला काही विचारलंच नाही?”

मी म्हटलं, नाही.

“तो काही बोललाही नाही?”

नाही. शेवटपर्यंत नाही.

मग म्हणाले, “नुसतं पडून राहायचं ना? तेवढं जमेल मला.”

पण चौघे नकोत, पाच हवेत, आक्काने लिहिलंय ते धरून, एवढं मात्र बजावलं.

मी राजरत्नच्या घरी गेले. तो, हर्षवर्धन आणि राजरत्नची बायको मानसी, असे तीन झाले. तुम्ही टॅक्सीत पाहिलीत ती मानसी. दिसते बारीक, पण सिलिंडर एकटी उचलते. मी राजरत्नला तुमचं पत्र समजावून सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “काकी, आम्ही देव मानत नाही, माहितीये ना तुम्हाला? मग आमचा कसला विश्वास बघणार? चालेल का?”

मी म्हटलं, पाठातल्या चौघांनाही कोणी विचारलेलं नाही.

मग कपाटासाठी मी गुणाजींकडे गेले. भांडायला नाही, नुसतं सांगायला. तुम्ही लिहिलेली छपराची गोष्टच त्यांना सांगितली, कारण मला दुसरं काही सुचलं नाही. ते दारात उभे राहून ऐकत होते. शेवटी म्हणाले, “घरवालो काय बोललो नाय?” मी म्हटलं, घरमालकाचं काही लिहिलेलं नाही. ते आत गेले. मला वाटलं झालं, दार लावणार. तर पेचकस घेऊन बाहेर आले. म्हणाले, “वहिनी, माका त्या विश्वासातला काय कळणा नाय. कपाट माझा, मी खोलतंय.”

आख्खी इमारत जिन्यात बघायला उभी राहिली. ज्या कपाटावरून मीटिंगा झाल्या ते गुणाजींनी स्वतःच्या हाताने फळी फळी करून सोडवलं आणि आतलं जुनं सामान घरात नेऊन ठेवलं. त्यांची बायको आतून बरंच बोलत होती. मग खुर्चीला हात लावून म्हणाले, चौथो मी.

पाचवी मी झाले. ह्यांना हातांच्या लाकडी खुर्चीत बसवून माझ्या जुन्या साडीने कमरेला बांधलं. पुढे राजरत्न आणि हर्षवर्धन, मागे गुणाजी आणि मानसी. माझा हात खुर्चीच्या पाठीवर. माझ्या हाताचा उपयोग काहीच नव्हता, पण तो काढला की हे लगेच मागे वळून बघायचे. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर जिथे कपाट होतं तिथे भिंतीचा जुना हिरवा रंग दिसला. ह्यांनी डोळे गच्च मिटले होते. खाली रस्त्यावर उन्हात खुर्ची टेकवली तेव्हा उघडले. पानवाला, इस्त्रीवाला सगळे येऊन भेटून गेले. खाली नेलेला परत येत नाही म्हणून जे भीत होते, त्यांना लोक विचारत होते, कधी आलात?

रुग्णालयात चमत्कार झाला नाही. बार धरून क्षणभर उभे राहिले, घामाघूम झाले, बसले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, उशीर केलात, पण वेळ गेलेली नाही. मग टॅक्सीत बसल्यावर ह्यांनी आपणहून ‘गिरगाव’ असा शब्द काढला. तो इतका स्पष्ट होता की टॅक्सीवाल्याने आम्हाला विचारलंही नाही.

तुमच्या दारातून निघाल्यावर चेहरा उतरला होता, ते तुम्हाला बरोबर दिसलं. त्याला कारण पाय नव्हतं. तुमचा हात सोडावा लागला, हे होतं. लालबागपर्यंत डावा हात काचेबाहेरच ठेवला होता.

शब्बाथशाळेतल्या मुलांना आता तुम्ही उत्तर देऊ शकता. मी गुणाजींना म्हटलं, तुमचं कपाट आता परत बसवून घ्या, राजरत्न मदत करेल. ते म्हणाले, “कशाक? मंगळवारी परत खोलूचा लागतला.” तेव्हा छप्पर नंतर कोणी नीट केलं, तर कोणीच नाही. ते अजून उघडंच आहे, कारण लागतं.

आता वर कसे गेले ते. इमारतीपाशी आलो, खुर्ची जिन्याच्या तोंडाशी ठेवली. मी साडी बांधली. चौघांनी आपापल्या जागा धरल्या, मी पाठीमागे जाऊन हात ठेवला. माझे गुडघे तोवर बोलायला लागले होते, पण मी काही म्हटलं नव्हतं. ह्यांनी डावा हात मागे आणून माझा हात खुर्चीवरून उचलला आणि बाजूला केला.

“मार्था,” म्हणाले, “चौघे पुरेत. तू पुढे हो, चहा टाक.”

वन्सं, मी पुढे झाले आणि चहा टाकला. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं म्हणून साखर दोनदा पडली. सगळ्यांनी निमूट प्यायला.

तुमची
मार्था